वहिनीची सेन्सी

“डिस्प्ले गेलेला नाही ह्याचा,” वहिनी म्हणाली. “आतली पट्टी सैल झाल्या.”

दिग्या, अस्लम आणि मी, तिघंही तिच्याकडं बघत राहिलो. दिग्याचा फोन सकाळी जिन्यावरून पडला होता. निम्मा स्क्रीन बोटाला दादच देत नव्हता, आणि आम्ही आमच्या सोप्यात बसून त्याचं सुतक धरलं होतं. दोन आठवड्यांवर मोबाईल गेमची स्पर्धा आलेली. त्यात आमचा चौथा गडी सौरभ पुण्याला कंपनीत लागला होता आणि ‘सुट्टी मिळणार नाही रे’ असा निरोप धाडून मोकळा झाला होता. म्हणजे आधीच एक माणूस कमी, आणि आता एक फोनही कमी.

वहिनी चहाचे कप न्यायला आली होती. दादाशी लग्न होऊन तिला आमच्या घरात जेमतेम दोन महिने झाले होते. ‘भावजी, चहा’, ‘भावजी, जेवायला या’ यापलीकडं तिचं माझं बोलणं नव्हतं. ती निपाणीची, आम्ही गडहिंग्लजचे. अंतर म्हणाल तर तासाभराचं, पण नव्या सुनेला ते तेवढंच नसतं, हे मला तेव्हा कळायचं कारण नव्हतं. मी वीस वर्षांचा होतो आणि जगात एकच गोष्ट महत्त्वाची होती, ती म्हणजे गेम.

“तुम्हाला काय माहीत?” दिग्यानं विचारलं. त्याला बोलायची पद्धत नाही, अजूनही नाही.

“मामाचं दुकान आहे मोबाईलचं. चार वर्षं काउंटरच्या मागं मीच होते,” ती म्हणाली. “द्या हिकडं.”

तिनं आपल्या खोलीतून लग्नात आलेलं केस वाळवायचं मशीन आणलं. फोनची पाठ गरम केली, नखानं उचकटली, दादाचा बारका स्क्रू ड्रायव्हर मागून घेतला आणि दहा मिनिटांत काहीतरी दाबून, बसवून पुन्हा सगळं चिकटवून टाकलं. मग टच नीट चालतोय का बघायला तिनं आपणहून आमचाच गेम उघडला.

“ह्यात कळतं पटकन,” ती म्हणाली. “दुकानात आम्ही हाच लावायचो.”

सराव करायच्या मैदानात गेली, बंदूक उचलली आणि समोरच्या भिंतीवर अख्खं मॅगझिन रिकामं केलं. पण खुणा बघून तिनं तोंड वाकडं केलं. “छे, दिग्याभावजींचं सेटिंग वेगळंच आहे,” म्हणत आपला फोन आणला, त्यात तोच गेम उघडला आणि नुसतं आम्हाला दाखवायला म्हणून पुन्हा तीस गोळ्या मारल्या. भिंतीवर तीसच्या तीस खुणा एका जागी. वर वाटी ठेवली असती तर झाकल्या गेल्या असत्या.

अस्लम हळूच मला म्हणाला, “मल्ल्या, चौथा गडी.”

घरात विचारायचं काम माझ्यावर आलं. दादा म्हणाला, “मला काय विचारतोस, तिला विचार.” आई भाजी निवडत होती. ती म्हणाली, “चारचौघांत बसून बंदुका मारणार व्हय सून?”

“फोनवर, आई.”

“फोनवर का असंना.”

बराच वेळ ती पालेभाजीशीच बोलत असल्यासारखी पुटपुटत राहिली. शेवटी म्हणाली, “जाऊ दे बाबा. घरात बसून तरी काय करत्या बिचारी. पण दिवस मावळायच्या आत घरात पाहिजे.”

वहिनीला सांगितलं. तिनं हातातलं लाटणं खाली ठेवलं आणि ओट्याला टेकून हसली. तिला इतकी खूश झालेली मी तोवर बघितली नव्हती.

“वहिनी, फोन द्या जरा,” मी म्हणालो. तिनं दिला.

आता हे सेन्सीचं प्रकरण सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सेन्सी म्हणजे सेन्सिटिव्हिटी. स्क्रीनवर बोट किती सरकवलं की बंदूक किती फिरावी, हातातला फोन किती कलला की नेम किती हलावा, दुर्बीण लावली की किती, लांबची दुर्बीण लावली की किती, अशा सगळ्यांचे आकडे असतात. ते जुळले तर गोळी पाहिजे तिथं जाते. नाही जुळले तर माणूस समोर उभा असून भलतीकडंच. हे सगळे आकडे मिळून एक कोड होतो. कुणाचा कोड आपल्या फोनवर टाकला की त्याचे सगळे आकडे आपल्याकडं येतात आणि आपले जातात.

आमच्या गल्लीत मी सेन्सीमास्तर होतो. वरच्या आळीपासून नदीकडच्या घरांपर्यंत जेवढी पोरं खेळायची, तेवढ्यांच्या फोनवर माझा कोड. नवीन कोण खेळायला लागला की आधी माझ्याकडं यायचा. मी फोन घ्यायचा, कोड टाकायचा, परत द्यायचा. मान होता त्यात, खोटं कशाला बोलू.

तसाच वहिनीच्या फोनवर टाकला. ‘आधीचं सगळं जाईल, चालेल का,’ असं स्क्रीनवर आलं.

“भावजी, त्यात माझं...” ती म्हणाली.

“काळजी करू नका. टीममध्ये सगळ्यांचं एकच पाहिजे,” मी म्हणालो आणि ‘होय’ दाबलं.

“बरं,” ती म्हणाली.

त्या दिवसापासून ती चुकायला लागली. थोडीथोडकी नाही, सरळ उभ्या माणसावरही तिची गोळी जाईना. भाकरी झाली की, धुणं वाळत घातलं की, आई दुपारी पडली की ती खेळायची. आम्ही तिघं आपापल्या घरून कानाला हेडफोन लावून तिच्याबरोबर असायचो. तिच्या माईकमधून गोळ्यांच्या आधी बांगड्या ऐकू यायच्या. लग्नाचा हिरवा चुडा, दोन्ही हात भरून. अस्लम म्हणायचा, “वहिनी, शत्रूला आपण कुठं लपलोय ते बांगड्यांवरनं कळतंय.” ती हसायची. दिग्या मात्र चिडायचा. ती नसली की म्हणायचा, “भिंतीवर मारणं वेगळं आणि माणसावर मारणं वेगळं. तुझी वहिनी दुकानात भिंती मारत होती.”

मी तिला समजावायचो. बोट असं ठेवा, फोन असा धरा, खांदे सैल सोडा. शिकवायची फार हौस मला. ती सगळं ऐकून घ्यायची आणि प्रत्येक वेळी एकच म्हणायची, “हुईल सवय.”

स्पर्धा रविवारी होती, बाजारपेठेमागच्या एका मंगल कार्यालयात. नवरानवरी बसतात त्या स्टेजवर मोठा पडदा लावला होता आणि खाली जेवणाच्या टेबलांवर सोळा टीम, चौसष्ट जण. सगळी पोरं. त्यात वहिनी एकटी, पिवळ्या साडीत, कुंकू लावून. दादानं तिला गाडीवरून आणून सोडलं आणि तो आपल्या खताच्या दुकानाकडं गेला. माईकवाल्यानं लगेच, “आज आमच्यात एक वहिनीसाहेबही आहेत, जोरदार टाळ्या,” वगैरे सुरू केलं. तिनं पदर सावरला आणि फोनमध्ये तोंड घातलं.

तीन मॅच होत्या. तिन्हींचे गुण मिळवून पहिल्या तीन टीम कोल्हापूरला जिल्ह्याच्या फेरीला जाणार. गडहिंग्लजहून आधी कोणी गेलं नव्हतं. आम्ही दोनदा प्रयत्न करून बसलो होतो. या खेपेला नाही जमलं तर अस्लम कॉलेज संपवून दुबईला काकाकडं जाणार होता, म्हणजे टीम संपली. हे आम्ही एकमेकांना बोलून दाखवत नव्हतो, पण सगळ्यांना माहीत होतं.

पहिल्या मॅचमध्ये सातवे आलो. दुसऱ्यात सहावे. मी, दिग्या आणि अस्लम आमच्या परीनं मारत होतो, पण वहिनीच्या बाजूनं भगदाड होतं. दुसऱ्या मॅचमध्ये एक जण तिच्या पुढ्यात, मोकळ्या रानात, पाठमोरा उभा होता. तिनं अख्खं मॅगझिन घातलं. एकही लागली नाही. तो वळला, त्यानं तिला मारलं, मग तिला वाचवायला धावलेल्या मला मारलं. मोठ्या पडद्यावर सगळ्या कार्यालयानं ते बघितलं. मागच्या टेबलावरून कोणीतरी, “वहिनी, कुकरची शिट्टी झाली, जावा घरी,” असं म्हटलं आणि हशा पिकला.

तिसऱ्या मॅचला अजून तास होता. मधे वडापाव होते. दिग्यानं मला खांबाआड ओढलं.

“हे बघ मल्ल्या, वाईट वाटून घेऊ नकोस. तिला सांग, तिसऱ्या मॅचला नुसतं लपून बस म्हणावं. कुठल्यातरी घरात, दार लावून. गोळी मारायची नाही, पुढं यायचं नाही. आम्ही तिघं बघतो.”

मला पटलं. खरं सांगतो, लगेच पटलं. फक्त कसं सांगायचं एवढाच प्रश्न होता.

वहिनी टेबलावर नव्हती. शोधत शोधत मागं गेलो. कार्यालयाच्या मागच्या बाजूला भांडी घासायची फरशी होती, तिथल्या पायरीवर ती एकटी बसली होती. फोनमध्ये सरावाचं मैदान, समोर भिंत. तीस गोळ्या मारायची, खुणा बघायची, पुन्हा तीस मारायची. मी मागून वाकून बघितलं. कोणीतरी मूठभर ज्वारी भिरकावून दिल्यासारख्या खुणा भिंतभर विखुरल्या होत्या. ही तीच बाई, जिच्या गोळ्या वाटीखाली झाकल्या गेल्या असत्या.

“काय बघताय?” मी विचारलं.

“कुठं जातायत ते बघते.”

“आकडे बरोबर आहेत वहिनी. आमच्या सगळ्यांचे तेच आहेत.”

“तुमच्या हाताला बरोबर असतील,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. पाऊसपाण्याबद्दल बोलावं तसं ती बोलली.

मी शेजारी बसलो. दोन आठवड्यांत पहिल्यांदा माझ्या डोक्यात आलं की, त्या फोनवर मी कोड टाकायच्या आधीही काहीतरी होतं.

“तुमचे आधीचे वेगळे होते?”

“होते की. चार वर्षांत बसवलेले.”

“मग तेव्हाच बोलला का न्हाईसा?”

 ती बोटानं स्क्रीनवरची भिंत मागंपुढं सरकवत राहिली.

“काय बोलायचं होतं भावजी? आल्यापास्नं बघताय न्हवं. आमटीत गूळ तुमच्या घरचा, उठायची वेळ तुमच्या घरची, भाकरी तुमच्याकडं पातळ लागते म्हणून ती पातळ. निपाणीत मी जाड थापायचे. दोन महिने सगळं तुमच्या मापानं शिकतेय. मला वाटलं, हे पण त्यातलंच एक. हुईल सवय.”

मला लाज वाटली. आज सहा वर्षांनी सांगतानाही वाटते. घरात कुणी तिला छळलं होतं असं नाही, आई मायेनंच वागायची, दादा तर बोलायचंच काम नाही. पण ‘बरं’ म्हणून तिनं काय काय सोडलं होतं हे आमच्यापैकी कुणी मोजलंच नव्हतं. आणि मी तर तिची एकुलती एक करमणूक होती, तीही आपल्या मापाची करून टाकली होती.

“आठवतायत का जुने आकडे? आता टाकू,” मी म्हणालो.

“आकडे कोण पाठ करतंय? हाताला माहीत होतं. आणि आठवले तरी उपयोग नाही.” तिनं दोन्ही हात फोन धरल्यासारखे उचलले आणि मनगटं जराशी कलवली. बांगड्या खळकन एका बाजूला घसरल्या, त्यांच्या वजनानं हात किंचित हिसकला. “हे बघा. तेव्हा हात मोकळा होता. आता नेम धरला की शेवटच्या दहा गोळ्यांना हे असं होतंय.”

मग मला तिच्या भिंतीवरचं कोडं उलगडलं. आमचे आकडे भलतेच तेज. फोन केसभर कलला तरी नेम हातभर पळायचा. त्यात चुड्याचा हिसका.

“मग उतरवून ठेवा की तासभर,” मी म्हणालो. “हितं कोण बघतंय?”

तिनं माझ्याकडं अशी नजर लावून बघितलं की मी मागं सरकलो.

“चुडा नाही उतरायचा,” ती म्हणाली. “माझ्या आईनं भरलाय. वाढतील तशा वाढतील एकेक. हे मला कुणी घाल म्हणून सांगितलेलं नाही भावजी, हे मी हौसेनं घातलंय. जमवायचं तर ह्याच्यासकट जमवायचं.”

“बरं,” मी म्हणालो. या खेपेला तो शब्द माझ्या वाट्याला आला.

घड्याळात चाळीस मिनिटं उरली होती. मी सवयीनं फोनकडं हात नेला, तर तिनं फोन बाजूला घेतला. “तुम्ही हात लावायचा नाही. मी मारते. तुम्ही नुसतं सांगा कुठं पडल्या. वर, खाली, डावीकडं, उजवीकडं. आकडा सांगायचा नाही.”

दुकानातली तिची पद्धत होती ही. आधी सगळं मुळासारखं करायचं. मग एका वेळी एकच आकडा हलवायचा, तोही थोडाच, आणि एक अख्खं मॅगझिन भिंतीवर घालायचं. भिंत काय म्हणते ते ऐकायचं. मग पुढचं. मी आयुष्यात असं काही केलं नव्हतं. आकडे आम्ही नेहमी गोल ठेवायचो, दोनशे, अडीचशे, तीनशे.

“वर गेल्या.”

तिनं एक पट्टी सरकवली. ठो ठो ठो.

“अजून वरच, पण कमी.”

“आता?”

“मधे. पण शेवटच्या आठदहा डावीकडं.”

“चुडा,” ती म्हणाली. मग फोनच्या कलण्याचा आकडा खाली आणला, बोटाचा वर नेला. “कलण्याचं काम थोडं बोटाला देऊ या. बोटात बांगडी नाही.”

माझी जीभ शिवशिवत होती. तीनदा ‘दीडशे ठेवा’ ओठांवर आलं आणि गिळलं. एकशे पन्नास केलं, जास्त झालं. एकशे चाळीस केलं, कमी पडलं. एकशे त्रेचाळीसवर येऊन ती थांबली. असला आकडा कुणाच्या सेटिंगमध्ये बघितला असता तर मी हसलो असतो. तिनं मॅगझिन घातलं. बांगड्या वाजल्या, हात हिसकला, आणि खुणा तरीही एकमेकींना चिकटून बसल्या.

मी वाकून खुणा एकदा मोजल्या.

“कुठं पडल्या, सांगा की,” ती म्हणाली.

“जिथं पाहिजेत तिथं.”

तेवढ्यात अस्लम तिच्यासाठी वडापाव घेऊन आला, त्याच्यामागं दिग्या. दिग्यानं भुवया उडवून मला विचारलं, सांगितलंस का?

“सांगितलं,” मी म्हणालो. “वहिनी पुढं राहणार. आपण तिच्या मागं.”

दिग्यानं तोंड उघडलं, फोनच्या स्क्रीनवरची भिंत बघितली आणि मिटलं.

तिसरी मॅच. वहिनी पहिली पाच मिनिटं काहीच बोलली नाही. एका वाड्याच्या आडोशानं आम्ही चाललो होतो. लांब टेकडीवरून दोघं उतरताना दिसले. मी ‘थांबा’ म्हणेपर्यंत बांगड्या वाजल्या आणि पहिला पडला. दुसरा पळायला लागला. पुन्हा वाजल्या. तोही गेला. मागच्या टेबलावरचा कुकरवाला त्या दोघांपैकी एक होता, हे आम्हाला त्याच्या शिवीवरून कळलं.

मग ती बोलायला लागली. हळू आवाजात, एखादी बाई पंगतीत वाढप्यांना सांगते तशी. “भावजी, तुम्ही उजवीकडनं या. दिग्याभावजी, थांबा, धावू नका. अस्लमभाऊ, तुमच्या मागं एक आहे, बसा.” दिग्या थांबला. दिग्याला कुणी थांब म्हटलं आणि तो थांबला असं मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. माईकवाला आधी ‘वहिनीसाहेब’ म्हणत होता, मग नुसतं ‘वहिनी’, आणि शेवटी शेवटी तर तोही गप्प झाला. शेवटच्या तिघांशी आमचे दोघं उरले, ती आणि अस्लम. अस्लम पडला. तिच्या फोनची बॅटरी बारा टक्क्यांवर. तिनं एका दगडाआडून एकाला मारलं, जागा बदलली, दुसऱ्याला मारलं. तिसरा गवतात आडवा होता. तो उठायची तिनं वाट बघितली. किती वेळ, कोण जाणे. तो उठला.

आमच्या गेममध्ये जिंकलं की कोंबडीचं जेवण मिळाल्याची पाटी स्क्रीनवर येते. आमचं घर लिंगायतांचं, साधं अंडंसुद्धा आमच्या स्वयंपाकात शिजत नाही. वहिनीनं पाटी वाचली आणि म्हणाली, “हे आईंना सांगू नका.”

गुण मोजले. तिसरा नंबर, दोन गुणांनी. कोल्हापूर. अस्लमनं माझ्या पाठीत असा बुक्का घातला की दोन दिवस दुखत होतं. दिग्या वहिनीपुढं जाऊन उभा राहिला. त्याला माफी मागायची होती, पण तो दिग्या असल्यामुळं त्यानं फोन पुढं केला आणि म्हणाला, “वहिनी, माझं पण बघा की.”

दादा यायला वेळ होता. आम्ही चौघं कार्यालयाच्या पुढच्या पायऱ्यांवर बसलो. ऊन अजून होतं. तिनं दिग्याला भिंतीवर मारायला लावलं, मग अस्लमला. दोघांचे आकडे निरनिराळे निघाले. दिग्याचा अंगठा जाड, तो दाबून धरतो. अस्लम फोन छातीशी घेतो. दोन वर्षं मी त्यांच्याबरोबर खेळत होतो आणि यातलं एकही मी बघितलं नव्हतं.

मग तिनं माझ्यापुढं हात केला. “आणा तुमचा.”

“माझं बरोबर आहे.”

“मारा तर खरं.”

मी मारलं. दिग्या खाकरला. अस्लमनं उगाच रस्त्याकडं बघितलं. माझ्या गोळ्या भिंतीवर वहिनीच्या मघाच्या गोळ्यांसारख्याच पसरल्या होत्या, जराशा कमी इतकंच.

“हे आकडे कुणाचे, भावजी?” तिनं विचारलं.

दोन वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. सगळ्यांनी धरूनच चाललं होतं की माझे. खोटं बोलता आलं असतं. पण आता तीच मला कोल्हापूरला घेऊन चालली होती.

“व्हिडिओतले,” मी म्हणालो. “परदेशातला कुठला तरी पोरगा आहे. मोठा खेळाडू. त्यानं कोड दिला होता, तो घेतला.”

“त्याला बघितलाय?”

“तोंड नाही दिसत. हात दिसतात. बारीक, लांब बोटं आहेत.”

तिनं माझ्या हातांकडं बघितलं. दादाच्या खताच्या दुकानात शाळेपासून पोती उचललेले हात. दिग्याला हसू येत होतं, पण तिला आलं नाही.

“दोन वर्षं ह्याच्यावर खेळलासा?”

“हो. मला वाटायचं, माझाच हात वाईट आहे. सराव केला की जमेल. सवय होईल.”

हे मी कुणालाही कधी बोललो नव्हतो. सेन्सीमास्तराला रोज वाटायचं की आपल्याला खेळता येत नाही, आणि ते झाकायलाच तो सगळ्यांना शिकवत फिरायचा. पायरीवर बसून हे बोललो आणि छातीवरचं ओझं उतरलं. लाज वाटायला हवी होती, पण उलट मोकळं वाटलं.

वहिनीनं माझा फोन घेतला, सेटिंग उघडलं आणि सगळं मुळासारखं करायच्या ओळीवर बोट आणलं. पण दाबलं नाही.

“पुसू का?” तिनं विचारलं. “तुमचं आहे. दोन वर्षांचं आहे. विचारून घेते.”

मला तिच्याकडं बघवेना. मी मानेनंच हो म्हटलं.

“मग तुम्हीच पुसा,” म्हणून तिनं फोन माझ्या हातात परत दिला.

मी पुसलं. बाहेर दादाची गाडी येऊन थांबली आणि त्यानं हॉर्न दिला. मी उठायला लागलो, तर वहिनीनं मला दंडाला धरून खाली बसवलं आणि फाटकाकडं बघून चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाली, “थांबा जरा. अर्धा तास लागणार आहे.”

लग्न झाल्यापासून तिनं दादाला थांबा म्हणायची ती पहिलीच वेळ. दादानं एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग गाडी बंद केली, स्टँडवर लावली आणि येऊन अस्लमच्या शेजारी पायरीवर बसला.

“हां, मारा भावजी,” वहिनी म्हणाली. “घाई नाही.”